पावसाळ्यात भरलेली सी.सी.

महाडच्या बाजारपेठेचे वर्ष कागदावर एप्रिलला सुरू होते. प्रत्यक्षात ते पावसाच्या तोंडावर सुरू होते. मे महिन्यात ताडपत्र्या, छत्र्या, खते-बियाणी, वह्या-पुस्तके असा माल उतरू लागतो. पाठोपाठ गणपतीचे वेध लागतात. मुंबई-ठाण्याचे चाकरमानी गावी यायच्या आत कापड, किराणा, भांडी, सजावटीचे सामान, टीव्ही-फ्रीज दुकानात हजर असावे लागतात. पोलादपूरच्या दुकानदाराला तर अधिकच घाई, कारण दरड आली आणि घाट बंद पडला की माल वाटेतच अडकतो. यातला बराच माल रोखीने येत नाही. तो बँकेच्या सी.सी.वर, म्हणजे कॅश क्रेडिट खात्यावर येतो. त्यामुळे दुकानदाराच्या डोक्यावर बँकेचे देणे ज्या महिन्यांत चढलेले असते, नेमक्या त्याच महिन्यांत सावित्री आणि गांधारी या नद्या पात्राबाहेर येतात.

योगायोग म्हणून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतल्या कर्जव्यवहाराचा मोठा धोका मला या वेळापत्रकातच दिसतो. सी.सी. मंजूर करताना बँक त्याबद्दल बोलत नाही आणि घेणाराही विचारत नाही.

22 जुलै 2021 रोजी महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावात दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी या वस्त्यांवर दरडी आल्या. त्या मरणांपुढे दुकानातल्या मालाचा हिशेब मांडणे कोते वाटेल. पण जे वाचले त्यांना पुढची कित्येक वर्षे ज्या हिशेबाने छळले तो हाच. चिखलाने भरलेले कापडाचे तागे आणि फुगलेली तांदळाची पोती रस्त्यावर टाकून झाल्यावर दुकानात फक्त भिंती उरल्या. बँकेच्या खात्यावरचा आकडा मात्र जिथे होता तिथेच होता, आणि त्यावर रोज व्याज चढत होते.

मुळात हे खाते चालते कसे, ते आधी पाहू. मुदत कर्जात मंजूर रक्कम हातात येते आणि ठरलेला हप्ता सुरू होतो. सी.सी.त बँक एक मर्यादा ठरवून देते, तिला आपल्याकडे सगळे लिमिटच म्हणतात. त्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा पैसे काढायचे, विक्री झाली की भरायचे, पुन्हा काढायचे. व्याज लागते ते दिवसअखेर खात्यावर जितके देणे असेल तितक्यावरच. समजा दहा लाखांचे लिमिट आहे आणि व्याजदर 11 टक्के. दोन लाख एका महिन्यापुरते उचलले, तर व्याज साधारण 1,830 रुपये. आठ लाख वर्षभर उचललेले राहिले, तर 88 हजार. खाते तेच आणि दरही तोच, तरी एकाला ते स्वस्त पडते आणि दुसऱ्याला महाग. हा फरक सगळा वापरण्याच्या सवयीचा आहे. व्यापारासाठी याहून सोयीची कर्जाची रीत मला माहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तक्रार या रीतीबद्दल नाही.

तक्रार आहे ती मंजुरीपत्र वाचण्याच्या पद्धतीबद्दल. दहा लाख मंजूर झाले म्हणजे दहा लाख आपले, असे दुकानदार धरून चालतो. प्रत्यक्षात दर महिन्याला जे स्टॉक स्टेटमेंट द्यावे लागते, त्यावरून बँक ड्रॉइंग पॉवर काढते, आणि पैसे तेवढेच उचलता येतात. दुकानात बारा लाखांचा माल आहे, घाऊक व्यापाऱ्याचे दोन लाख देणे आहे आणि बँकेने 25 टक्के मार्जिन ठेवले आहे, असे धरू. मग बारातून दोन वजा, उरलेल्या दहाच्या पंचाहत्तर टक्के, म्हणजे साडेसात लाख. मंजुरी दहा लाखांची असली तरी उचल साडेसात लाखांचीच. हे गणित करायला लेखापाल लागत नाही. तरी अनेकांकडे स्टॉक स्टेटमेंट हा सी.ए.च्या कार्यालयात परस्पर भरला जाणारा कागद असतो. गेल्या महिन्याचे आकडे थोडे वाढवून या महिन्याचे केले की काम झाले! उचल वाढवून मिळावी म्हणून माल फुगवून दाखवणाऱ्याला एरवी काही त्रास होत नाही. पूर आला की होतो. तेव्हा विमा कंपनीचा सर्व्हेअर खरेदीची बिले मागतो आणि कागदावरचा माल बिलांशी जुळत नाही.

आता पुराच्या दुसऱ्या दिवसाचे गणित. साडेसातपैकी सात लाख उचललेले. बारा लाखांच्या मालातून तीन लाखांचा वाचला. घाऊक व्यापाऱ्याचे दोन लाख देणे तसेच आहे. नवी ड्रॉइंग पॉवर निघाली 75 हजार. उचल सात लाख. एका रात्रीत सव्वासहा लाख रुपये जास्तीचे ठरले, आणि दुकानदाराने तर काहीच केलेले नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे खात्यावरचे देणे सलग 90 दिवस ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिले, तर ते खाते थकीत, म्हणजे एनपीए, ठरते. सलग 90 दिवस खात्यात काहीच भरणा झाला नाही, किंवा झालेल्या भरण्यातून लागलेले व्याजही निघाले नाही, तरी तेच. जुलैच्या पुरापासून 90 दिवस म्हणजे दसरा-दिवाळीचा सुमार. दुकान धुऊन, रंगवून, पुन्हा माल भरून विक्री सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. बँकेचे नियम ज्याने ठरवले त्याच्या डोळ्यांसमोर पाण्यात बुडणारी बाजारपेठ नव्हती, एवढेच यावरून म्हणता येईल.

नैसर्गिक आपत्तीत सापडलेल्यांच्या कर्जाची पुनर्रचना करण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे. वेळेत पुनर्रचना झाली तर खाते थकीत ठरण्यापासून वाचते. पण ही सवलत आपोआप दाराशी येत नाही. बँकेशी लेखी बोलावे लागते, नुकसानीचे पुरावे द्यावे लागतात. पुरानंतर दुकानदार सगळ्यात आधी जी गोष्ट टाळतो, ती म्हणजे बँकेत जाणे. लाज वाटते, भीती वाटते. त्या टाळाटाळीतच महिना-दीड महिना निघून जातो.

उचल आणि उरलेला माल यांच्यातली दरी सरकारी मदतीनेही भरत नाही. 2021 च्या पुरानंतर राज्य सरकारने नुकसानग्रस्त दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के आणि जास्तीत जास्त 50 हजार रुपये, तर टपरीधारकांना जास्तीत जास्त दहा हजार रुपये जाहीर केले. पन्नास हजारांत चिखल काढून होतो, फर्निचर दुरुस्त होते. सात लाखांच्या उचलीवर सात-आठ महिन्यांचे व्याजही तेवढेच होते.

उरतो विमा. तारण ठेवलेल्या मालाचा विमा बँक सक्तीने उतरवून घेते. हप्ता खात्यातून परस्पर कापला जातो आणि पॉलिसी बहुधा बँकेच्या फाइलमध्येच राहते. ती कोणी वाचत नाही. त्या पॉलिसीतल्या तीन गोष्टींवर महाडच्या माणसाचे भवितव्य ठरते. पहिली, पूर आणि पाणी तुंबणे हा धोका तीत धरला आहे का. दुसरी, माल ज्या जागेत आहे तो पत्ता तीत आहे का. बाजारातले दुकान पॉलिसीत आहे आणि माल गल्लीतल्या भाड्याच्या गोदामात आहे, तर गोदामातल्या मालाला संरक्षण नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत फसवी. वीस लाखांचा माल असताना विमा दहा लाखांचा असेल आणि बारा लाखांचे नुकसान झाले, तर दहा लाख मिळतील असे लोक समजतात. मिळतात सहा. विमा निम्म्याच किमतीचा होता, म्हणून भरपाईही निम्म्या नुकसानीची. विम्याच्या भाषेत हे सरासरीचे कलम. 1 एप्रिल 2021 पासून छोट्या उद्योग-व्यवसायांसाठी आलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे, त्यापुढची नाही. बँक विमा उतरवते तो आपल्या कर्जापुरता. दुकानदाराचा स्वतःचा पैसा, म्हणजे ते 25 टक्के मार्जिन, बऱ्याचदा त्यात धरलेलाच नसतो. आणि गणपतीचा माल भरल्यावर साठा दुप्पट झाला तरी विम्याची रक्कम जानेवारीतलीच राहते. दावा मंजूर झाला तरी पैसे आधी बँकेच्या खात्यात जातात, कारण पॉलिसीवर तिचा हक्क नोंदवलेला असतो.

इथे सी.सी.चा स्वभाव नीट ओळखायला हवा. सही करताना कर्जदार एक वचनचिठ्ठी लिहून देतो, तिला डिमांड प्रॉमिसरी नोट म्हणतात. बँक मागेल तेव्हा सगळी रक्कम परत करीन, असे त्याने तीत कबूल केलेले असते. लिमिट दर वर्षी नूतनीकरणाला येते आणि बँक ते कमी करू शकते, थांबवू शकते. मोठ्या कंपन्या गरज पडेल तेव्हा पैसे मिळावेत म्हणून न उचललेल्या रकमेवरही बँकेला शुल्क भरतात. मार्च 2020 मध्ये कोरोनाची चाहूल लागताच अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी आपापली लिमिटे घाईघाईने उचलून रोकड हाताशी ठेवली, ती त्या हमीच्या जोरावर. साध्या माणसाचा अनुभव वेगळा आहे. 2008 मध्ये त्याच अमेरिकेत घरांच्या किमती कोसळल्या, तेव्हा बँकांनी घराच्या तारणावर दिलेली असंख्य कुटुंबांची लिमिटे गोठवली. तारणाची किंमत घसरली की लिमिट घसरते, आणि किंमत घसरते ती संकटातच. अडीअडचणीला हाताशी असावे म्हणून सी.सी. काढून ठेवणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. अडचण त्याची एकट्याची असेल, तर लिमिट कामी येईल. अडचण सगळ्या गावाची असेल, तर बहुधा येणार नाही.

सी.सी.चा आणखी एक रोग पूर न येताही होतो. खाते वर्षातून एकदा तरी शून्याजवळ यायला हवे. दिवाळीनंतर माल विकला गेला, उधारी वसूल झाली की ते यावे, ही या खात्यामागची कल्पना. पण उचललेल्या पैशातून दुकानाच्या वरचा मजला बांधला, मुलीचे लग्न केले, मुंबईतल्या खोलीचे डिपॉझिट भरले, की तो पैसा मालात परत येत नाही. खाते कायम वरच्या रेषेला चिकटून राहते. बाहेरून सगळे ठीक दिसते, कारण व्याज वेळेवर भरले जाते. हे आता फिरते भांडवल राहिलेले नाही. कधीही मागितले जाऊ शकणारे आणि फेडीची तारीख नसलेले ते घरबांधणी कर्ज झाले आहे. त्यावर तारण म्हणून राहते घर दिलेले असेल, तर 2002 चा सरफेसी कायदा लागू होतो. खाते थकीत झाल्यावर साठ दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात दावा न लावता, बँक ताबा घेण्याची कारवाई करू शकते. आपली सहकारी बँक असे करणार नाही, या समजुतीवर विसंबू नये. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे 2020 मध्ये दिला, आणि तो खटला कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेचाच होता.

बँकच अडचणीत आली तर? रायगडकरांना हा प्रश्न काल्पनिक वाटू नये. पेण अर्बन बँकेवर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, पनवेलच्या कर्नाळा बँकेचा परवाना 2021 मध्ये रद्द झाला. अशा वेळी चर्चा ठेवीदारांची होते, आणि ते योग्यच आहे. पण निर्बंधांखालच्या बँकेला नवे कर्ज देता येत नाही, जुन्याचे नूतनीकरणही परवानगीशिवाय करता येत नाही. ज्या व्यापाऱ्याची सगळी उलाढाल त्या एका सी.सी.वर आहे, त्याचा व्यवहार त्या दिवशी थांबतो.

आता बाजारपेठ सोडून वाड्या-वस्त्यांकडे. या मुलखाला हंगामी उसनवारी नवी नाही. खोती 1949 च्या कायद्याने गेली. तोवर पावसाळ्यात सवाई-दिढीने, म्हणजे सव्वापट-दीडपट परतीच्या बोलीने, भात आणायचे आणि सुगीला मापून परत करायचे, यात कुळांच्या पिढ्या गेल्या. त्या जागी कमी व्याजाचे सरकारी पर्याय आले, त्यांत 1998 मध्ये सुरू झालेले किसान क्रेडिट कार्ड मोठे. हेसुद्धा लिमिटच. पाच वर्षांसाठी मंजूर होते, दर वर्षी आढावा घेतला जातो. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला सात टक्के व्याज, वेळेत फेडल्यास केंद्राची तीन टक्के सूट, आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत धरली तर व्याज जवळपास शून्यावर येते. पोलादपूरच्या डोंगरउतारावर भात आणि नाचणी पिकवणाऱ्याला यापेक्षा स्वस्त पैसा कुठे मिळणार नाही. तो त्याला मिळतो का, हा वेगळा प्रश्न. सातबाऱ्यावर मुंबईतल्या चार चुलत्यांची नावे असतात आणि सगळ्यांच्या सह्या गोळा होईपर्यंत लावणी उरकते.

ज्यांना मिळतो, त्यांचा मार्चमधला व्यवहार बघण्यासारखा आहे. त्याला गावोगाव ‘नवं-जुनं’ म्हणतात. जुने कर्ज भरायचे आणि लगेच तेवढेच किंवा थोडे वाढवून नवे उचलायचे. भरायला हातात पैसे नसतात. मग ते कोणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांसाठी आणले जातात, महिना पाच टक्क्यांनी. एक लाख पंधरा दिवसांसाठी आणले तर अडीच हजार रुपये गेले. बँकेकडून नवे कर्ज यायला आणखी पंधरा दिवस लागले, तर पाच हजार. म्हणजे वेळेत फेडून जे व्याज वाचले, त्यातला मोठा भाग या उसनवारीतच गेला. बँकेच्या नोंदीत हा शेतकरी नियमित, सोसायटीची वसुली चांगली, सरकारचा व्याज परतावा वेळेवर. प्रत्यक्षात त्या जमिनीने मुद्दल कधी फेडलेलेच नसते. राज्यात सावकारीचे नियमन करणारा 2014 चा कायदा आहे. नवं-जुनंला पैसे पुरवणारे बहुतेक जण त्याच्या नोंदवहीत सापडणार नाहीत.

बचत गटांची गोष्ट याच वळणाची आहे. ग्रामीण उपजीविकेच्या उमेद अभियानात गटांनाही बँका सी.सी. लिमिट देतात. पण मंजूर होताच सगळी रक्कम एकाच दिवशी उचलून सभासदांत सारखी वाटली जाते. जिला गरज नाही तिच्यावरही व्याज चढते.

आणि आता लिमिट मोबाइलमध्ये आले आहे. रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये बँकांनी आधीच मंजूर केलेली लिमिटे यूपीआयला जोडायला परवानगी दिली. भाजीवाल्याचा जो क्यूआर कोड आपल्या पैशाने स्कॅन होतो, तोच उसन्या पैशानेही स्कॅन होऊ शकतो. महाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणाऱ्या पोराला पगाराआधी पाच-दहा हजार सहज मिळतात. महिना तीन टक्के हे शब्द हलके वाटतात, वर्षाचे ते छत्तीस होतात. क्रेडिट कार्डाचे किमान देणे भरून निभावणाऱ्यांची गतही तीच. इथे नियम बरे आहेत. कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय डिजिटल कर्जाची मर्यादा आपोआप वाढवता येत नाही, आणि घेतलेले कर्ज ठरलेल्या अल्प मुदतीत दंडाशिवाय परत करण्याची सोय द्यावी लागते. पण संमती म्हणजे पडद्यावरचे एक बटण, आणि ते दाबताना कोणी वाचत नाही. सी.सी.वाल्या दुकानदाराला निदान वर्षातून एकदा शाखाधिकाऱ्यासमोर बसावे लागते. या पोराला कोणासमोरच बसावे लागत नाही, आणि तो सहा ठिकाणी किती देणे लागतो हे घरातही कोणाला ठाऊक नसते.

सी.सी. बंद करा असे मला म्हणायचे नाही. ती बंद केली तर बाजारपेठ महिनाभरात महिना पाच टक्क्यांवर जाईल. पण पुराच्या रेषेखाली दुकान असणाऱ्याने मंजूर लिमिट पूर्ण उचलून पावसाळ्यात शिरणे, हा माझ्या मते व्यापार नव्हे, जुगार आहे. निदान एक चतुर्थांश उचल मोकळी ठेवून जून गाठावा आणि किमती माल वरच्या मजल्यावर किंवा गावाबाहेरच्या उंच जागी न्यावा, आणि त्या जागेचा पत्ता पॉलिसीत घालून घ्यावा. बँकांनीही गणपतीच्या हंगामापुरती विम्याची रक्कम वाढवून घ्यायला हवी, आणि पुरानंतरच्या पहिल्या आठवड्यात पुनर्रचनेचे अर्ज स्वतः दुकानांत नेऊन द्यायला हवेत. व्यापारी संघटनेने हे एकत्र मागितले तर ते अशक्य नाही. तोवर ज्याला त्याला एवढे तरी करता येईल. येत्या मे महिन्यात माल भरायला निघण्याआधी शाखेत जा, आपल्या पॉलिसीची प्रत मागून घ्या, आणि तिच्यावरची रक्कम, पत्ता आणि पुराचा उल्लेख स्वतः वाचा.